इंजिन बांधताना कॅमशाफ्टचे टायमिंग मोजून बसवणे

टायमिंग गिअरवरच्या खुणा जुळवल्या, चेन किंवा बेल्ट चढवला आणि कव्हर लावले, की टायमिंगचे काम संपले, अशी बहुतेक गॅरेजांत समजूत असते. हेड कधीही न घासलेल्या आणि सर्व भाग नवे टाकलेल्या इंजिनाच्या बाबतीत ती समजूत चालूनही जाते. मात्र दोनदा फेसिंग झालेले (पृष्ठभाग घासून सपाट केलेले) हेड, निम्मे आयुष्य संपलेली चेन, दुसऱ्याच कंपनीचा गिअर किंवा पुन्हा ग्राइंड केलेला कॅम असेल, तर खुणा अगदी बरोबर जुळूनही व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडू शकतात. कोणता दात कोणत्या दातासमोर आला आहे एवढेच खूण सांगते. सर्वाधिक उचलीच्या वेळी, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना, क्रँक नेमका किती अंशांवर आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. ते कसे मोजावे आणि फरक निघाल्यास कॅम कसा सरकवावा, याची पद्धत पुढे दिली आहे. उदाहरणासाठी एकच ओव्हरहेड कॅम असलेले पेट्रोल इंजिन घेतले आहे. पुशरॉडच्या इंजिनात जिथे फरक पडतो, तिथे तसे नमूद केले आहे.

कॅमशाफ्टचे नाव काढले की सोलापूरकराला चिंचोळी एमआयडीसी आठवणे साहजिक आहे. १९९२ मध्ये सोलापुरात स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. चांगल्या कारखान्यातून आलेल्या कॅमच्या लोबमध्ये (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यात) सहसा दोष नसतो. दोष शिरतो तो आपण जोडलेल्या गोष्टींमधून, म्हणजे हेडची उंची, चेनची लांबी, गिअर जागेवर धरणाऱ्या कीचा खाचा आणि डाउएल पिनचे भोक यांमधून.

हा दोष किती असू शकतो, याचा हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये कॅमची एक फेरी होते, म्हणून कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. हेडवरून ०.५ मि.मी. धातू निघाला, की कॅम तेवढाच क्रँकच्या जवळ येतो, ताणाच्या बाजूची चेन तेवढीच जास्त ठरते आणि कॅम मागे पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. कॅमच्या गिअरचा व्यास १०० मि.मी. असेल, तर हा फरक क्रँकवर जेमतेम १ अंशाहून थोडा अधिक भरतो. मोटरसायकलच्या ६० मि.मी. व्यासाच्या गिअरवर तो जवळपास २ अंश होतो. याच छोट्या गिअरवर ताणाच्या बाजूची चेन झिजून केवळ १ मि.मी. लांबली असेल, तर क्रँकवर ४ अंशांच्या आसपास फरक पडतो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की फेसिंग आणि चेनची झीज या दोन्हींमुळे कॅम एकाच दिशेने, म्हणजे मागे जातो, त्यामुळे चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत, उलट त्यांची बेरीज होते. गाडी सुरू होते, आवाजही बरा असतो, पण खालच्या फेऱ्यांवर (इंजिन हळू फिरताना) ओढत नाही, आणि मग कार्बोरेटरला दोष दिला जातो.

साहित्य

डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती), मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, पिस्टन स्टॉप (पिस्टनला वाटेत अडवणारा बोल्ट) आणि तारेचा काटा एवढ्यात काम भागते. डिग्री व्हील शक्य तेवढे मोठे घ्यावे, कारण २५० मि.मी. व्यासाच्या व्हीलवर १ अंश साधारण २.२ मि.मी. रुंद दिसतो, तर १०० मि.मी.च्या व्हीलवर तो १ मि.मी.सुद्धा भरत नाही आणि अर्धा अंश वाचणे हा निव्वळ अंदाज ठरतो. विकत मिळाले नाही, तर फ्लेक्स छापणाऱ्याकडून ३६० अंशांची चकती छापून घेऊन ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवता येते. मात्र मधले भोक लेथवरच पाडून घ्यावे, कारण हाताने पाडलेले भोक केंद्रापासून जराही सरकले तर प्रत्येक वाचन खोटे येते. काट्यासाठी वेल्डिंगची फिलर तार उत्तम. तिचे टोक कानशीने अणकुचीदार करून दुसऱ्या टोकाला कडी वळवावी, ती ब्लॉकच्या बोल्टखाली पक्की आवळावी आणि टोक व्हीलला न घासता त्याच्या अगदी जवळ आणावे, म्हणजे तिरके पाहिल्याने होणारी चूक टळते.

पुसण्याच्या कापडाबद्दल एक सूचना सोलापुरात विशेष करून द्यावी लागते. आपल्याकडे कारखान्यातून बाद झालेले टॉवेलचे तुकडे किलोवर स्वस्त मिळतात आणि प्रत्येक गॅरेजात त्यांचा ढीग असतो, पण टॉवेलचे सुटे फासे धागा सोडतात. हा धागा ऑइलच्या बारीक भोकांत किंवा टेन्शनरच्या (चेन ताणून धरणाऱ्या भागाच्या) जाळीत जाऊन बसतो. इंजिन बांधताना जुन्या सुती धोतराचे किंवा चादरीचे सपाट विणीचे धुतलेले कापड वापरावे, आणि टॉवेल हात पुसण्यापुरताच ठेवावा.

खरा टीडीसी शोधणे

टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वात वर असतानाची क्रँकची स्थिती. पुढचे सगळे मोजमाप या एका शून्यावर उभे असते, म्हणून इथे घाई करू नये. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचल्यावर क्रँक काही अंश फिरला तरी तो जवळजवळ जागचा हलत नाही, त्यामुळे डायल गेजची सुई थांबली तो टीडीसी असे धरले, तर दोन-तीन अंशांची चूक सहज होते. पिस्टन टोकाला पोहोचण्याआधीच त्याला अडवून, दोन्ही बाजूंच्या वाचनांचा मध्य काढणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

हेड चढवण्यापूर्वीच हे काम करणे सोयीचे असते. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर एक जाड पट्टी आडवी आवळावी आणि तिच्या मधल्या भोकातून बोल्ट असा खाली आणावा, की पिस्टन टोकाच्या १०-१५ मि.मी. आधीच त्यावर येऊन टेकेल. डिग्री व्हील क्रँकच्या नाकावर बसवून अंदाजे टीडीसीला शून्यावर लावावे. आता क्रँक हळूच फिरवून पिस्टन बोल्टला टेकवावा आणि वाचन लिहून घ्यावे. मग उलट दिशेने जवळजवळ पूर्ण फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवावा आणि तेही लिहावे. समजा एका बाजूला शून्यापासून ३६ अंश आणि दुसऱ्या बाजूला ४४ अंश आले. दोन्हींची बेरीज ८०, म्हणून प्रत्येक बाजूला ४० यायला हवेत. क्रँक टेकलेल्या स्थितीतच धरून काटा ४ अंशांनी वळवावा आणि दोन्ही वाचने पुन्हा घ्यावीत. दोन्हीकडे तंतोतंत ४० आले, की व्हीलवरचा शून्य हा खरा टीडीसी झाला. फ्लायव्हीलवरची कंपनीची टी खूण या शून्याशी जुळते का, हेही आत्ताच पाहून ठेवावे. ती जुळत नसेल, तर पुढे इग्निशनचे टायमिंग लावताना हीच माहिती उपयोगी पडते.

हेड आधीच चढलेले असेल, तर जुन्या स्पार्क प्लगमधली चिनी माती काढून त्यात आटे पाडून बसवलेल्या बोल्टचा स्टॉप प्लगच्या भोकातून वापरता येतो. त्या वेळी उघडलेला व्हॉल्व्ह स्टॉपवर आपटणार नाही याची खात्री करून क्रँक केवळ हाताच्या जोराने फिरवावा. लांब दांड्याचा पान्हा इथे वर्ज्य समजावा.

क्रँक फिरवण्याबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ज्या बोल्टने व्हील आवळले आहे, त्याच बोल्टला पान्हा लावून क्रँक फिरवला, तर कधी ना कधी व्हील केसभर सरकते आणि शून्य हरवतो, तेही आपल्याला पत्ता न लागता. म्हणून क्रँक फ्लायव्हीलच्या बाजूने फिरवावा.

लोबचा मध्य मोजणे

हेड नेहमीच्या गॅस्केटसह, नेमून दिलेल्या टॉर्कने आवळलेले असावे, कारण गॅस्केटची दाबलेली जाडीही कॅमचे अंतर ठरवते. जुने दाबलेले गॅस्केट मोजणीपुरते वापरायचे असेल, तर ते त्याच जाडीचे असल्याची खात्री करावी. टॅपेटचे अंतर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधली मोकळी फट) आधी लावून घ्यावे. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर हे अंतर स्वतःच भरून काढणारे) लिफ्टर असतील, तर ते दाबाखाली बसतात आणि उचल कमी दाखवतात, त्यामुळे मोजणीपुरता एक ठोस लिफ्टर वापरणे इष्ट.

टेन्शनरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अनेक इंजिनांत तो ऑइलच्या दाबावर चालतो आणि कोरड्या इंजिनात तो दाब नसतो, म्हणून चेन सैल लोंबते आणि कॅमचे वाचन दर वेळी वेगळे येते. अशा वेळी टेन्शनरच्या जागी हाताने आवळता येईल असा बोल्ट लावून किंवा टेन्शनर पुढे सरकवून अडकवून चेन चालू इंजिनासारखी ताणलेली ठेवावी. त्यानंतर क्रँक नेहमी इंजिन चालते त्याच दिशेने फिरवत वाचनावर यावे. वाचन ओलांडले गेले, तर तेवढ्यापुरते मागे येऊ नये. चांगला पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेने यावे, नाहीतर चेनचा आणि गिअरचा सगळा ढिलेपणा वाचनात मिसळतो.

डायल गेजचे टोक पहिल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोपीवर, व्हॉल्व्हच्या दांड्याला समांतर लावावे. पुशरॉडच्या इंजिनात ते थेट टॅपेटवर किंवा पुशरॉडच्या माथ्यावर लावावे, कारण कॅमसोबतच्या कार्डावरचे आकडे बहुधा लोबच्या उचलीचे असतात आणि रॉकरचे गुणोत्तर त्यात धरलेले नसते. गेज थोडे तिरके लागले, तर उचलीचा आकडा चुकतो, पण चूक चढताना आणि उतरताना सारखीच असल्याने मध्य फारसा बिघडत नाही. म्हणून उचल मोजायची असेल तेव्हा गेज विशेष काळजीने सरळ करावे.

क्रँक फिरवत व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंत जावे आणि सुई सर्वाधिक उचलीवर असताना डायल शून्यावर आणावा. इथेही सुई काही अंश स्थिर राहते, म्हणून टीडीसीसारखीच मध्य काढण्याची युक्ती वापरायची. पुरेसे मागे जाऊन पुन्हा पुढे येत, सर्वाधिक उचलीच्या १.२७ मि.मी. आधी, म्हणजे ५० थाउ (इंचाचे हजारावे भाग) आधी, थांबावे आणि व्हीलवरचे वाचन लिहावे. मग तसेच पुढे जाऊन शिखर ओलांडावे आणि सुई पुन्हा १.२७ मि.मी. खाली आली की दुसरे वाचन लिहावे. समजा पहिले वाचन टीडीसीनंतर ८० अंश आणि दुसरे १४४ अंश आले. बेरीज २२४, तिचे निम्मे ११२. इनलेट लोबचा मध्य टीडीसीनंतर ११२ अंशांवर आहे. हीच मोजणी आणखी एकदा करावी. दोन वेळच्या उत्तरांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल, तर कॅमला हात लावण्यापूर्वी मॅग्नेटिक स्टँड, काटा आणि टेन्शनर तपासावेत, कारण तिथे काहीतरी हलते आहे.

काही कॅमच्या लोबची चढाची आणि उताराची बाजू सारखी नसते. अशा लोबचा मध्य शिखराजवळ काढला आणि उघडण्या-बंद होण्याच्या बिंदूंवरून काढला, तर दोन वेगळी उत्तरे मिळतात. म्हणून कॅम बनवणाऱ्याने ज्या पद्धतीने आकडा दिला असेल, त्याच पद्धतीने मोजावे.

आता कार्डाशी पडताळा घेऊ. समजा कार्डावर १.२७ मि.मी. उचलीला इनलेट टीडीसीपूर्वी ४ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली असतानाच्या स्थितीनंतर) ४० अंशांवर बंद होतो, असे दिले आहे. ४ अधिक १८० अधिक ४० म्हणजे २२४ अंश इतका काळ तो उघडा राहतो, आणि २२४ चे निम्मे ११२, त्यातून ४ वजा केले की लोबचा मध्य १०८ अंश येतो. आपल्या इंजिनात तो बरोबर टीडीसीला उघडत असेल आणि ४४ अंशांवर बंद होत असेल, तर उघडा राहण्याचा काळ तोच २२४ अंश आहे, म्हणजे लोबचे ग्राइंडिंग ठीक आहे आणि संपूर्ण कॅम ४ अंश मागे आहे. काळच वेगळा निघाला, तर आधी टॅपेटचे अंतर पाहावे, कारण ते बदलले की उघडण्या-बंद होण्याचे बिंदू बरेच हलतात, मध्य मात्र जवळपास जागेवर राहतो. अंतर बरोबर असूनही फरक राहिला, तर कॅमच दुसरा आहे किंवा ग्राइंडिंगमध्ये चुकला आहे, आणि तो कितीही सरकवून बरा होणार नाही.

एक्झॉस्टचीही हीच मोजणी करावी. त्याचा मध्य टीडीसीपूर्वी येतो. एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही लोब असतील, तर दोन्ही मध्यांची बेरीज बदलू शकत नाही. कार्डाप्रमाणे इनलेट १०८ आणि एक्झॉस्ट ११२ असेल, तर बेरीज २२०. इनलेट ११२ निघाला तर एक्झॉस्ट १०८ निघालाच पाहिजे. तसा न निघाल्यास कॅमला नव्हे, आपल्या मोजमापाला आधी दोष द्यावा. दोन स्वतंत्र कॅम असलेल्या इंजिनात हा पडताळा लागू होत नाही, तिथे दोन्ही कॅम वेगवेगळे मोजून वेगवेगळे लावावे लागतात.

कॅम सरकवणे

लोबचा मध्य टीडीसीच्या जवळ आणणे म्हणजे कॅम पुढे घेणे, आणि दूर नेणे म्हणजे मागे घेणे. वरच्या उदाहरणात ११२ चे १०८ करायचे, म्हणजे कॅम क्रँकच्या हिशेबाने ४ अंश पुढे घ्यायचा. क्रँक जागेवर धरून कॅम त्याच्या फिरण्याच्या दिशेने २ अंश वळवायचा.

एक दात सरकवून हे होणार नाही. कॅमच्या गिअरला ४० दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ आणि क्रँकचे १८ अंश होतात. एवढी चूक दुरुस्तीने नव्हे, तर चुकीच्या जोडणीनेच होते. बारीक सरकवण्यासाठी लांबट भोकांची व्हर्निअर पुली, एकाहून अधिक खाचांचा क्रँक गिअर, ऑफसेट की किंवा ऑफसेट डाउएल यांपैकी त्या इंजिनाला जे मिळेल ते वापरावे. व्हर्निअर पुलीवरच्या रेघा कॅमच्या अंशांच्या आहेत की क्रँकच्या, हे व्हील पाहून एकदा ठरवून घ्यावे, नाहीतर बरोबर दुप्पट किंवा निम्मे सरकते. काही गॅरेजांत गिअरचे भोक कानशीने लांब करून काम भागवतात. हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण मग केवळ बोल्टच्या आवळण्यावर टायमिंग टिकून राहते.

सरकवल्यावर बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कने आवळावेत, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि लोबचा मध्य पुन्हा मोजावा. बोल्ट आवळतानाच पुली अर्धा-एक अंश फिरते, असा अनुभव नेहमीचा आहे, आणि तेवढे धरून पुन्हा लावावे लागते.

कार्डाच्या आकड्यावर थांबावे की त्यापुढे जावे, हे गाडी कशासाठी आहे यावर ठरते. कॅम पुढे घेतला की इनलेट लवकर बंद होतो, सुरू करतानाचे कॉम्प्रेशन वाढते आणि खालच्या फेऱ्यांवर ओढ सुधारते; मागे घेतला की वरच्या फेऱ्यांवर थोडी शक्ती मिळते आणि खालची ओढ जाते. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या आणणाऱ्या पिकअपला वरच्या फेऱ्यांचा काहीच उपयोग नाही. अशा गाडीला कॅम कार्डाप्रमाणे किंवा फार तर २ अंश पुढे ठेवावा. चेन पुढे झिजून कॅम मागेच जाणार असल्याने ही थोडी आघाडी वायाही जात नाही.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर

कॅम सरकवला असेल, हेड घासलेले असेल किंवा पिस्टन बदलला असेल, तर ही तपासणी टाळता येत नाही. कॅम पुढे घेतला की इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे घेतला की एक्झॉस्ट जवळ येतो. सर्वात कमी अंतर बरोबर टीडीसीला नसते. एक्झॉस्टचे ते टीडीसीपूर्वी साधारण १० अंशांवर आणि इनलेटचे टीडीसीनंतर साधारण १० अंशांवर सापडते, म्हणून दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत पाहावे. मोजणीपुरत्या हलक्या स्प्रिंगा बसवून प्रत्येक २ अंशांवर व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबावा आणि डायल गेजवर अंतर वाचावे. लोखंडी कनेक्टिंग रॉडच्या इंजिनासाठी इनलेटला किमान २ मि.मी. आणि एक्झॉस्टला किमान २.५ मि.मी. अंतर धरण्याची रीत आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण वर येणारा पिस्टन बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा पाठलाग करत असतो आणि वेगात स्प्रिंग जरा कमी पडली तरी त्याला गाठतो.

गेज लावायला जागा नसेल, तर मुलांच्या खेळण्यातली क्ले पिस्टनवर थापून, वरून ऑइलचा पुसट हात फिरवून, हेड चढवून दोन फेरे फिरवण्याची जुनी पद्धत आहे. हेड उतरवून क्ले ब्लेडने कापावी आणि सर्वात पातळ जागी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ही क्ले इतकी मऊ पडते की हेड उचलतानाच तिचा ठसा बिघडतो. ती आधी फ्रिजमध्ये ठेवावी आणि काम सकाळी उरकावे.

शेवटच्या जोडणीपूर्वी हलक्या स्प्रिंगा आणि मोजणीचा ठोस लिफ्टर आठवणीने काढावा, लोबवर असेंब्ली पेस्ट पुन्हा लावावी, कारण मोजताना फिरवून फिरवून ती पुसली गेलेली असते. इनलेट आणि एक्झॉस्टचे मध्य, टॅपेटचे अंतर आणि वापरलेल्या गॅस्केटची जाडी टायमिंग कव्हरच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर उघडणाऱ्याला चेनने किती दगा दिला ते लगेच कळेल. ज्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमवरून फिरतो, तिथे कॅमबरोबर इग्निशनही तितकेच सरकलेले असते, म्हणून ते नव्याने लावावे. डिझेल इंजिनात फ्युएल पंप त्याच चेनवर किंवा गिअरमाळेवर असतो. हेड घासल्याने किंवा चेन बदलल्याने पंपाचे टायमिंगही हलले आहे का, हे तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.